एकतीस नंबरचं जेवण

१

दोघी बहिणींचं पोट दातांवर चालायचं. धाकटी जिवंत माणसांचे दात बघायची आणि थोरली मेलेल्यांचे. धाकटीच्या खुर्चीत बसणारी माणसं हत्यार दिसायच्या आधीच हातपाय गाळायची. थोरलीच्या टेबलावरची माणसं तेराशे वर्षं गप्प पडलेली होती. आपल्याला असेच पेशंट परवडतात, असं ती हसत सांगायची.

तिचं काम सांगायला सोपं होतं. दात नीट घासले नाहीत की हिरडीच्या कडेला पिवळट, दगडासारखा थर बसतो. ते कीटण. त्याच्यावर थरावर थर चढत जातात आणि चढताना तोंडात जे असेल ते आत कोंडलं जातं: पिठाचे कण, कोंडा, चुलीची काजळी, एखादा धागा. माणूस मरतो, कातडी जाते, केस जातात, पण कीटण टिकतं. थोरली ते खरवडायची, एखादा कपचा तसाच कापून बघायची, बाकीचं सौम्य ॲसिडमध्ये विरघळवायची आणि तळाशी उरेल ते मायक्रोस्कोपखाली धरायची. शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणा शेतकऱ्याने काय खाल्लं, तो धुरात बसायचा की मोकळ्या हवेत, सगळं त्यातून कळायचं.

लॅबचा एक नियम होता. त्या खोलीत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा स्वतःच्या दातांचं कीटण द्यायचं. कुणाच्या डब्यातला कण चुकून जुन्या नमुन्यात पडलाच, तर तो कुणाचा हे ओळखता यावं म्हणून. थोरली आपलं कीटण धाकटीकडूनच काढून घ्यायची. त्या शनिवारीही सकाळी ती दवाखान्यातल्या खुर्चीत आडवी झाली, धाकटीने दिवा ओढला, आरसा आत घातला आणि तिचा हात थांबला.

"ताई, दात घासतेस ना?"

"छे, नुसती बघते त्यांच्याकडे," आ वासूनच थोरली म्हणाली.

"चेष्टा नको. गेल्या वर्षी एवढंसं होतं. आता खालच्या दातांमागे भिंत बांधलीयस." धाकटीने खरवडायला घेतलं तशी थोरलीच्या कानांत करकर घुमली. "आणि लागतंय बघ कसं हाताला. खातेस तरी काय गं? वाळू?"

"कॅन्टीनचं मटारचं सूप."

"मग तेच असणार," धाकटी म्हणाली आणि दोघी हसल्या.

चिमूटभर कीटण नळीत पडलं, नळीवर तारीख पडली आणि थोरली बाहेर बाकावर बसलेल्या गोटीला घेऊन घरी गेली. गोटी ही तिची लेक. सात वर्षांची, गुबगुबीत, जेवायच्या आधी एकदा आणि जेवल्यावर एकदा भूक लागणारी. तिचे बाबा जहाजावर असत, सहा महिने घरी आणि सहा महिने पाण्यावर. सध्या ते पाण्यावर होते.

२

सोमवारी तिने स्वतःची स्लाइड लावली. हे काम ती दरवर्षी चहा पिता पिता उरकायची, कारण आपल्या तोंडात काय सापडणार हे कुणाला माहीत नसतं? पाव, भात, मटार.

पाव नव्हता. भात नव्हता. होता तो कोंडा, नुसता कोंडा. मग झाडाच्या सालीचे तंतू. मग मातीचे बारीक कण, आणि कापलेल्या कपच्यात ते वरून चिकटलेले नव्हते, थरांच्या आत होते. वर चिकटलेली माती पुरल्यावर लागते. आतली माती माणसाने जिवंतपणी खाल्लेली असते.

तिने चहा बाजूला ठेवला. नळ्यांची अदलाबदल झाली असणार. तिने नळीवरची तारीख बघितली, अक्षर धाकटीचंच. उरलेल्या कपच्यातून दुसरी स्लाइड केली, हातमोजे बदलून तिसरी केली. कोंडा, साल, माती.

असलं मिश्रण तिने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

टेकडीच्या उतारावर सापडलेल्या त्या जुन्या दफनभूमीत चाळीस सांगाडे होते. तिच्या लेखाने त्या गावाला नाव मिळवून दिलं आणि गावाने तिला. लहानथोर, बायका-पुरुष, मालक-चाकर, सगळे एकाच हंडीतलं जेवत होते, असं तिने त्यांच्या दातांवरून सिद्ध केलं होतं. वर्तमानपत्रांनी ते उचललं, भाषणांची निमंत्रणं आली, शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेदसुद्धा आला. लोकांना ते गाव फार आवडलं.

एकतीस नंबर त्या दफनभूमीच्या अगदी कडेला होती. पंचविशीतली बाई, बारीक हाडाची, पालथी पुरलेली. तिच्या दातांवर कीटण मुळातच थोडं होतं. अशा वेळी अर्धं दातावरच ठेवायचं, पुढे कुणाला तरी तपासता यावं म्हणून, ही या धंद्यातली रीत. थोरलीने सगळं काढलं. एक कपचा बघितला, तर कोंडा, साल, माती. बाकीचं ॲसिडमध्ये टाकलं आणि तेवढ्यात शाळेतून फोन आला की गोटीला ताप भरलाय. ती तशीच धावली. तीन दिवसांनी परत आली तोवर ॲसिडने कीटण खाल्लं होतं आणि कीटणातलं सगळंही खाल्लं होतं. नळीत उरलं होतं पाणी.

तो एक कपचा तेवढा शाबूत होता. लेख द्यायला पंधरा दिवस होते. थोरलीने कपचा कचऱ्यात टाकला आणि एकतीसच्या रकान्यात तीस नंबरचे आकडे थोडे इकडेतिकडे करून भरले. तीस नंबर म्हणजे कमरेला चांदीच्या बकलाचा पट्टा असलेला धिप्पाड बाप्या. गहू, मटार, खाऊनपिऊन सुखी. "अर्धा नमुना दातावर राखून ठेवला आहे," असंही तिने खाली लिहून टाकलं. चाळिसांत एका बाईने काय बिघडतं, असं तिने मनाला समजावलं. खरं तर ते तिच्या पथ्यावरच पडलं होतं. तेवढी एक बाई सोडली तर सगळं गाव तिच्या बाजूने होतं.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, आणि ती कुणालाही ठाऊक नव्हती.

३

कुणीतरी खोडसाळपणा करतंय, हा पहिला विचार. पण कपचाच उरला नव्हता तर त्याची नक्कल करणार कोण? ॲसिडच्या वाफांनी डोकं फिरलंय, हा दुसरा. हा जरा बरा वाटला म्हणून तिने तोच धरून ठेवला.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा धाकटीकडे गेली. धाकटीने आत पाहिलं आणि खुर्ची सरळ केली.

"ताई, मी हे स्वच्छ करून दिलं होतं. तू होतीस ना इथे? मग हे एवढं परत कुठून आलं?"

"तुझा हात कच्चा."

"माझा हात कच्चा नाही आणि तुझा चेहरा मला आवडत नाहीये. वजन किती कमी झालंय?"

सात किलो. कपडे अंगावर खुंटीला टांगल्यासारखे लोंबायला लागले होते. रक्त तपासलं, पोट तपासलं, सगळं ठणठणीत निघालं. आणि ती खात होती, हेच तर विचित्र होतं. सकाळी दोन अंडी, दुपारी सूप आणि पाव, रात्री गोटीबरोबर भात. ताट चाटूनपुसून उठायची आणि उठल्या उठल्या पुन्हा भूक लागायची, सकाळपासून अन्नाचा कणही पोटात गेला नसावा तशी.

लॅबमधल्या जेवायच्या खोलीत दोन टेबलं होती, एक सिंक आणि सतत गुरगुरणारा एक जुना फ्रीज. बाकीचे एकला जेवायचे, ती उशिरा, दोनला. त्या बुधवारी फ्रीजची गुरगुर मध्येच थांबली आणि खोलीत फक्त तिच्या चावण्याचा आवाज उरला. तिने घास गिळला. चावण्याचा आवाज आणखी दोन वेळा आला.

तिने मुद्दाम पावाचा कडक तुकडा तोंडात टाकला आणि चारदा चावून थांबली. आवाज पाचव्यांदा आला, सहाव्यांदा आला, मग घाईघाईने गिळल्यासारखं काहीतरी झालं. जबड्याचा सांधा वाजत असेल. वाजतो काहींचा, धाकटीच म्हणाली होती. थोरलीने सूप सिंकमध्ये ओतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांबरोबर एकला जेवायला बसायला लागली. गप्पांच्या गोंगाटात काही ऐकू यायचं नाही. भूक मात्र तशीच राहायची.

४

हाडांची कोठी तळमजल्यावर होती. लोखंडी मांडण्या, त्यांवर पुठ्ठ्याच्या पेट्या, प्रत्येक पेटीत एक माणूस. तिथले कारभारी पेटीकाका. निवृत्तीला वर्ष उरलेलं, स्वभावाने तिरसट आणि हिशोबाला पक्के. पेटी बाहेर जाताना आणि आत येताना ते तिचं वजन करत आणि कार्डावर पेन्सिलीने लिहून ठेवत. हाडाचा एक तुकडा जरी गहाळ झाला तरी त्यांना कळे.

"मॅडम, जरा खाली या," असा त्यांचा फोन आला. ती गेली तर एकतीस नंबरची पेटी वजनकाट्यावर ठेवलेली.

"हिला कोणी बाहेर काढली होती का?" काकांनी विचारलं.

"दोन वर्षांत नाही. का?"

"वार्षिक मोजणी चाललीय. हिच्या वजनात चाळीस ग्रॅमचा फरक आलाय."

"कमी?"

"कमी असती तर मी आधी तुमचीच झडती घेतली असती. जास्त भरली." काकांनी कार्ड तिच्यासमोर धरलं. "काटा दोनदा तपासला. दुसऱ्या पेट्या बरोबर येतात. दमट हवा म्हणावी तर एकटीलाच कशी लागेल? पस्तीस वर्षं मी हाडं सांभाळतोय. हाडं झिजतात, तडकतात, त्यांची भुकटी होते. अंगाला लागलेलं मी अजून पाहिलं नाही."

ते तसे गमतीत म्हणाले, पण हसले नाहीत. थोरलीने पेटी सहीनिशी ताब्यात घेतली.

५

दुपारचे बारा वाजले होते. लॅबच्या मोठ्या खिडक्यांतून स्वच्छ उजेड येत होता, आणि अशा उजेडात माणसाला आपल्या शंकांची लाज वाटते. तिने झाकण उघडलं, कागद बाजूला केला आणि खालचा जबडा हातात घेतला.

दोन वर्षांपूर्वी तिने हे दात मुळापर्यंत खरवडले होते. अवजाराचे बारीक ओरखडे अजून दिसत होते. त्या ओरखड्यांवर, हिरडी जिथे असायची त्या रेषेवर, कीटणाची फिकट कड धरली होती. ती नवी होती. नखाने दाबली तर किंचित मऊ लागली.

तिने कण काढला, स्लाइड केली. घाईत दोनदा काच फुटली. मग दिसलं. गहू. मटार. आणि भाताचे टोकदार, बारीक कण, तिने आदल्या रात्री गोटीबरोबर खाल्लेल्या भाताचे.

आधी ती घाबरली. मग तिला राग आला, आणि तो भीतीपेक्षा मोठा होता.

"तुला उपाशी ठेवणारी मी नव्हते," ती मोठ्याने म्हणाली. "ज्यांनी ठेवलं त्यांच्या मागे लाग. त्यांना शोध."

उत्तर तिला माहीत होतं. उपाशी ठेवणारे कधीच मातीला मिळाले होते. त्यांनी पालथं पुरून तिचं तोंड बंद केलं, तरी दातांनी आपली साक्ष तेराशे वर्षं धरून ठेवली होती. ती पुसली थोरलीने. वर ती बाई पोटभर जेवत होती असं लिहून दिलं, सहीनिशी, आणि त्यावर टाळ्या घेतल्या. सूड उगवायचा तर जिवंत अशी ही एकटीच उरली होती.

हे तिला अगदी स्वच्छ कळलं आणि कळूनही तिने काय केलं, तर अवजार उचललं. एकेक दात धरून तिने ती नवी कड खरवडून काढली, पुन्हा मुळापर्यंत. भुगा सिंकमध्ये टाकून नळ पूर्ण सोडला.

"रहा उपाशी," ती म्हणाली.

जबडा पेटीत कवटीला लावून ठेवताना तो तिच्या बोटावर मिटला. हात निसटला असेल, कागदाची घडी सरकली असेल. रक्त आलं नाही. चार दातांची खूण मात्र संध्याकाळपर्यंत राहिली.

६

त्यानंतर आठ दिवस तिला फार बरं गेलं. खाल्लेलं अंगी लागायला लागलं, गालांवर रंग आला, दोनाच्या जेवणालासुद्धा ती एकटी बसली आणि काहीही ऐकू आलं नाही. आपण वेळेवर दम दिला म्हणून सुटलो, असं तिला वाटलं. तिने धाकटीला फोन करून सांगितलंही की तुझ्या सगळ्या तपासण्या फुकट गेल्या, मी मस्त आहे.

नवव्या दिवशी गोटीचा दात पडला. पुढचा, दुधाचा. ती हातात घेऊन नाचत आली.

"आई, बघ! जराही दुखला नाही!"

थोरलीने तो तळहातावर घेतला. पुढून मोत्यासारखा होता. तिने सवयीने उलटा केला.

मागे कीटणाची तपकिरी कड होती. सात वर्षांच्या पोरीच्या दुधाच्या दातावर इतकं जाड कीटण धरत नाही.

तिने मान वर करून लेकीकडे पाहिलं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. गळ्याखालची हाडं वर आली होती. आपण स्वतःच्या पोटात पडणाऱ्या घासांवर इतके खूश होतो की समोरच्या ताटाकडे बघितलंच नाही, हे तिला कळलं.

"गोटी, शाळेत डबा खातेस ना रोज?"

"खाते की. दुसऱ्यांचापण खाते." गोटीने हसून पडलेल्या दाताच्या खिडकीतून जीभ बाहेर काढली. "आई, आता जेवायचं?"

त्यांचं जेवण होऊन दहा मिनिटं झाली होती.

दात मायक्रोस्कोपखाली ठेवायची खरं तर गरज नव्हती. तरी तिने ठेवला. कोंडा, साल, माती.

७

तिने सगळं लिहून दिलं. एकतीस नंबरचा नमुना माझ्या हातून वाया गेला, आकडे मी रचले, ती बाई उपासमारीने खंगलेली होती, माझा निष्कर्ष चुकीचा आहे, लेख मागे घ्यावा. संचालकांना एक प्रत, मासिकाला एक. लिहिताना तिला वाईट वाटलं नाही. नाव गेलं तर गेलं, नोकरी गेली तर गेली. मग कोठीत जाऊन ती पेटीसमोर जमिनीवर बसली, हात जोडले आणि गयावया केली.

"माझं चुकलं. मी सगळ्यांना सांगितलंय तुझं खरं. मला काय करायचं ते कर, पण पोरीला सोड. तिने तुझं काही केलेलं नाही."

पेटी पेटीसारखी होती. दारात पेटीकाका उभे होते. त्यांनी तिला हाताला धरून उठवलं आणि पाणी दिलं.

चौकशीला समिती बसली. दोन तज्ज्ञ बाहेरून आले, त्यांनी पेटी सील केली आणि आपल्या लॅबमध्ये नेली. निकालाला तीन आठवडे लागतील असं कळवलं.

त्या तीन आठवड्यांत गोटीचं काय झालं ते सांगायला नको. धाकटीने तिला आपल्या घरी नेलं, मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, सलाइन लावलं. डॉक्टर रिपोर्ट उलटेपालटे करून बघत आणि खांदे उडवत. परत घरी आल्यावर तिला उकडलेल्या बटाट्याखेरीज काही नको वाटायला लागलं, म्हणून थोरली तिन्हीत्रिकाळ बटाटेच उकडायची. लोणी घालून, मीठ घालून, कुस्करून. पोर वाडगं भरभरून खायची आणि तिच्या मनगटाचं हाड रोज थोडं जास्त दिसायचं.

एकदा सकाळी थोरली ओट्याशी बटाटे सोलत होती आणि गोटी मागे टेबलाशी खात होती. समोर ओव्हनचं काचेचं दार होतं. त्यात टेबल दिसत होतं, गोटीची पाठ दिसत होती, आणि तिच्या खांद्यावरून वाडग्यात वाकलेलं आणखी एक डोकं दिसत होतं. त्याचा खालचा जबडा हलत होता. भरभर, मान न उचलता, पुढचं कधी मिळेल याचा भरवसा नसलेलं माणूस खातं तसा.

ती वळली. टेबलाशी गोटी एकटीच होती आणि तिचं तोंड बंद होतं. चमचा हातात तसाच होता. वाडगं निम्मं झालं होतं.

८

समितीचं पत्र गुरुवारी दुपारी आलं. धाकटी तेव्हा तिथेच होती. तिनेच ते मोठ्याने वाचलं, कारण थोरलीला अक्षरं दिसेनात.

समितीने एकतीस क्रमांकाच्या सांगाड्याची स्वतंत्र तपासणी केली होती. दातांवर कीटणाचा भरपूर, उत्तम टिकलेला थर आढळला. लेखात म्हटल्याप्रमाणे नमुन्याचा भाग राखून ठेवलेला होता. त्यात गहू आणि मटार मिळाले. उपासमारीची कोणतीही खूण नव्हती. मूळ लेखातला निष्कर्ष पूर्णपणे बरोबर असून तो मागे घेण्याचं कारण समितीला दिसत नव्हतं. बाईंवर कामाचा ताण फार आहे, त्यांनी काही महिने रजा घ्यावी, अशी समितीची आपुलकीची सूचना होती.

"बघ!" धाकटीला रडू आलं. "काही केलेलं नाहीस तू. उगाच जीव जाळत बसलीस. ताई, तुझं काम खरं आहे."

"अजून काही लिहिलंय?"

"काही नाही. शेवटी बारीक अक्षरात एक टीप आहे." धाकटीने डोळे पुसले आणि वाचलं. "'सर्वांत वरच्या थरात बटाट्याचे कण मोठ्या प्रमाणात सापडले. त्या काळी त्या मुलखात बटाटा नव्हता. हाताळणीत झालेली आधुनिक भेसळ समजून ते मोजणीतून वगळले आहेत.'"

थोरली उठली. तिने धाकटीच्या हातातून पत्र घेतलं नाही, टीप पुन्हा वाचायलाही सांगितली नाही. तिने लिहिलं होतं की एकतीस नंबरची बाई पोटभर जेवत होती. ते आता खरं झालं होतं, तज्ज्ञांच्या सह्यांनिशी. ते खोटं आहे असं ती जगात कुणालाही पटवून देऊ शकणार नव्हती.

आतल्या खोलीत गोटी उशीला टेकून बसली होती. मांडीवर वाडगं होतं, घासूनपुसून रिकामं. ओठांना लोणी लागलेलं होतं. आईला पाहून तिने वाडगं पुढे केलं, पण ते तिला पेललं नाही आणि पांघरुणावर कलंडलं.

"संपवलंस सगळं?" थोरलीने विचारलं. "शहाणी माझी."

गोटीने मान हलवली. आपण मोठ्यांसमोर कुणाची तरी चहाडी करतोय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"सगळं खाल्लं मी, आई," ती हळूच म्हणाली. "पण मला मिळालंच नाही."